माशी कोणती, ते आधी बघा

मा. संपादक महोदय,
स.न.वि.वि.

गावठाणात मधपेट्या ठेवू द्याव्यात की नाही, यावर आपल्या दैनिकात उलटसुलट पत्रे येत आहेत. ज्याला पेट्या हलवायला लावल्या त्याचेही थोडे ऐका.

आमच्या पाण्याच्या टाकीखाली दरवर्षी आग्या मोहोळ बसते. या फेब्रुवारीत कुणीतरी तिथेच कचरा पेटवला. धूर वर गेला आणि मोहोळ उठले. नळावरच्या बाया गुंड टाकून पळाल्या, एका म्हाताऱ्याला दवाखान्यात भरती करावे लागले. चार दिवसांत ठराव झाला : गावठाणातल्या सर्व मधपेट्या दोन दिवसांत काढा. टाकीखालच्या मोहोळाचा त्यात उल्लेखच नाही. पेट्या म्हणजे माझ्याच परसातल्या चार, आणि त्यात सातेरी, म्हणजे पेटीत पाळतात ती आपली देशी माशी.

आग्या माशी उघड्यावर एकच मोठे पोळे लावते. ती पेटीत राहतच नाही, आणि बिथरली की झुंडीने दूरपर्यंत पाठलाग करते. सातेरी झाडाच्या ढोलीत, अंधारात, शेजारी-शेजारी पोळी बांधते, म्हणूनच पेटीत रमते. ती चावत नाही असे मी म्हणणार नाही, आठवड्याला एखादा काटा मला बसतोच. पण आग्याची शिक्षा सातेरीला कशासाठी?

ठराव मोडायचा नव्हता, म्हणून रात्री प्रवेशद्वारे बंद करून पेट्या शेतात नेल्या. शेत घरापासून अर्धा किलोमीटर. व्हायचे तेच झाले. चरायला निघालेल्या माश्या सवयीने जुन्या जागी परतल्या आणि दिवसभर परसाच्या भिंतीवर घोंगावत राहिल्या. वर्षभर निर्धास्त असलेले शेजारी त्या दिवशी खरे घाबरले. पेटी हलवायची तर रोज हात-दोन हात, नाहीतर एकदम दोन-तीन किलोमीटर लांब. हे ठराव लिहिणाऱ्यांनी कोणालाही विचारले असते तर कळले असते. मीही तेव्हा तोंड उघडायला हवे होते.

तक्रारी सगळ्या खोट्या आहेत असेही नाही. गेल्या मे महिन्यात शेजारच्या वहिनी दारात आल्या : "भाऊजी, तुमच्या माश्या आमच्या कूलरवर बसून राह्यल्या. लेकरायले चावतीन तं?" जाऊन पाहिले तर कूलरच्या ओल्या गवतावर शंभरेक माश्या पाणी पीत होत्या. उन्हाळ्यात पोळे गार ठेवायला माशीला पाणी लागतेच. मी ठेवले नव्हते, चूक माझी. पेट्यांजवळ परातीत गोटे टाकून पाणी भरून ठेवले, तरी कूलरची सवय सुटायला वेळ लागला. परात कूलर सुरू होण्याआधीच मांडायला हवी होती.

म्हणून माझे म्हणणे, नियम हवेत, पण माशी ओळखून केलेले. घरामागे चार-पाच पेट्या चालतील. ट्रकने आणलेल्या मेलिफेरा या विदेशी माशीच्या पन्नास पेट्यांची जागा मात्र शेतातच. पेटीचे तोंड रस्त्याकडे नको, आणि समोर तुराट्यांचा पुरुषभर उंच कूड हवा. मग माशी निघतानाच वर उठते आणि माणसांच्या डोक्यावरून जाते. होळीपासून पाणी सक्तीचे करा. शेजारी कुणाला माशी चावून श्वास लागत असेल तर पेटी हलवावी, तिथे वाद नको. आणि टाकीवरच्या, शाळेवरच्या आग्या मोहोळांची जबाबदारी ग्रामपंचायतीने घ्यावी. ती रात्री, जाणकार माणसाकडून उतरवावीत, आणि तोवर खाली जाळ करू देऊ नये.

सरकार एकीकडे खादी व ग्रामोद्योग मंडळाच्या मधकेंद्र योजनेत पेट्यांना निम्मे अनुदान देते. १९३४ साली गांधीजींचा ग्रामोद्योग संघ उभा राहिला तो आमच्याच वर्ध्यात, मगनवाडीत, आणि आज त्याच जिल्ह्यात पेटी म्हटले की लोक दार लावून घेतात. तुरीला फुलोरा आला की माझ्या बांधावर किती माश्या दिसतात हे बघायला मात्र कुणी येत नाही.

१ मेच्या ग्रामसभेत वरील मजकूर अर्ज म्हणून देणार आहे. वहिनींनी सही केली आहे, परात त्यांच्या कूलरपासून लांब ठेवायची या अटीवर.

आपला,
एक मधपाळ, जि. वर्धा