पडवीतली हत्यारं हलवली आहेत

डिचोली,
११ जुलै

ती. आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

इकडे सगळं ठीक आहे. पाऊस चार दिवस हटलेला नाही, विहीर काठोकाठ आलीय, आणि मागच्या दारची केळ परवा आडवी झाली. घड कोवळाच होता, त्याची भाजी केली.

बाबा, तुम्ही फोनवर दोनदा विचारलंत, ‘पडवी आवरलीस का?’ आणि दोन्ही वेळा मी ‘हो, थोडीशी’ म्हणून विषय बदलला. थोडीशी नव्हे, सगळी आवरलीय. तुमची हत्यारं टांगायची खुंट्यांची पट्टी आज पूर्ण रिकामी आहे. फोनवर सांगायला गेले असते तर पहिल्याच वाक्याला तुम्ही फोन दादाकडे दिला असता, म्हणून पत्र. आई, तूच वाचून दाखव, आणि ते मध्येच उठायला लागले तर शेवटपर्यंत ऐका म्हणावं.

मे महिन्यातली एक गोष्ट तुम्हाला सांगितलेली नाही. एका वेताच्या खुर्चीचा मोडका पाय बदलत होते. कूस, म्हणजे पायाचं भोकात बसणारं टोक, जरा जाड राहिली होती, आणि हे लक्षात आलं सरस लावून झाल्यावर. सरस कुणासाठी थांबत नाही. घाईघाईत स्टूल ओढलं, वर चढले, हात लांब करून सहा सुती, म्हणजे पाऊण इंची पटाशी चाचपडत होते, तर शेजारची चार सुती खुंटीवरून निसटली आणि सरळ खाली आली. मी स्टुलावर उभी, पाय चपलेत. पटाशी माझ्या अंगठ्यापासून दोन बोटांवर स्टुलाच्या फळीत उभी रुतली. काढायला जोर लावावा लागला. तुम्ही लावलेली धार, बाबा, तीन महिने झाले तरी तशीच होती.

त्या दिवशी पुढे काम केलं नाही. चहा करून पायरीवर बसले आणि त्या पट्टीकडे बघत राहिले. साडेसहा फुटांवर आहे ती. मोजली. इतकी वर का, तेही मला माहीत आहे. मी चार वर्षांची असताना रंध्याच्या पात्यावर बोट फिरवून बघितलं होतं, डाव्या तर्जनीवर अजून पांढरी रेघ आहे. त्या रात्री आईने तुम्हाला पान वाढलं नाही, असं आजी सांगायची. दुसऱ्या दिवशी सगळी हत्यारं वर गेली, मला आणि दादाला पोचू नयेत म्हणून. दादा पुढे सहा फुटांचा झाला आणि बेळगावला गेला. मी पाच फुटांवर थांबले आणि पडवी माझ्याकडे आली. म्हणजे ज्या पोरीपासून हत्यारं लपवली, तिलाच ती रोज काढायची वेळ आली, आणि ती अजूनही पोचत नाही!

दुसऱ्या दिवशी एक प्रयोग केला. काहीही शोधायला लागलं, किंवा स्टूल ओढावं लागलं, की भिंतीवर पेन्सिलीची एक रेघ. संध्याकाळी मोजल्या तर तेवीस. त्यातल्या सहा रेघा खुद्द पेन्सिल शोधण्याच्या. तुम्ही ती कानावर ठेवता, माझ्या केसांत ती दिसेनाशी होते.

मग मी आधी चूक केली, तीही सांगते. भोकाभोकांचा तयार हार्डबोर्ड मिळतो, त्यात आकडे अडकवायचे. दिसायला झकास. म्हापशाहून आणला, लावला, फोटो काढून दादाला पाठवला. जूनच्या तिसऱ्या आठवड्यात त्याने पाणी ओढलं, मधोमध पापडासारखा फुगला, भोकं सैल झाली आणि आकडा हत्याराबरोबर हातात यायला लागला. हातोडी काढली की आकडा खाली, आकडा शोधायला मी खाली. आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, तिथे दाबून बसवलेल्या भुश्यावर विसंबायचं नव्हतं. मेस्ताच्या, सुताराच्या मुलीला हे कळायला हवं होतं, हे तुम्ही म्हणायच्या आत मीच म्हणते.

आता केलंय ते असं. आपली भिंत चिऱ्याची, गिलाव्याशिवायची. चिरा पावसाळाभर ओल धरून असतो, हत्यार त्याला टेकलं की आठवड्यात तांबूस. आणि त्यात नुसता स्क्रू पिळला तर चिऱ्याचं पीठ होतं, स्क्रू धरत नाही. म्हणून मोठी भोकं पाडून फणसाच्या लाकडाच्या गिट्ट्या ठोकल्या, त्यांवर एक इंच जाडीच्या उभ्या पट्ट्या, आणि पट्ट्यांवर अठरा मिमीचा मरीन प्लाय. भिंत आणि प्लाय यांच्यामध्ये इंचभर पोकळी राहिली, खाली-वर उघडी. तिथून वारा फिरतो. हात घालून बघितला, मागची बाजू कोरडी आहे.

प्लायवर खिळे ठोकलेले नाहीत. चार इंच रुंद पट्टी घेतली, ती लांबीत पंचेचाळीस अंशांत तिरकी चिरली. एक अर्धा भाग प्लायवर आडवा मारला, उतार भिंतीकडे. दुसरा उलटा करून पटाश्या ठेवायच्या घोडीच्या पाठीला. घोडी वरून आत सरकवली की उतारावर उतार बसतो, आणि वजन जितकं जास्त तितकी ती भिंतीकडे ओढली जाते. काढायची तर वर उचलायची, बस्स. एक आठवडा काम करून बघितलं, पटाश्या फार उजवीकडे वाटल्या, उचलून डावीकडे नेल्या. ना भोक, ना गिट्टी. तुम्ही एकदा हात लावून हलवून बघा, मग बोला.

कुठे काय ठेवायचं, हे मात्र मी आईकडून उचललं.

आई, तुला माहीत नसेल, पण स्वयंपाकघरात तुझा हात बघत बसायची मला लहानपणापासून सवय आहे. वीज गेली की सगळं घर मेणबत्ती शोधतं, आणि तू काळोखात भातात मीठ घालून मोकळी. मीठ, तिखट, हळद चुलीच्या उजव्या हाताला, कोपर न उचलता मिळेल असं. कोकम आणि सुकं खोबरं वळून एक पाऊल टाकलं की. आणि मोदकपात्र फळीच्या सगळ्यात वर, कारण ते वर्षातून एकदाच लागतं. तसंच केलं. बाकासमोर उभं राहून हात पसरला की जेवढं येतं तेवढ्यात गुण्या, दोन हातोड्या, मेकसू, चार पटाश्या, हातकरवत, टेप आणि पेन्सिल. पेन्सिल दोरीला बांधलीय, हसू नका. गिरमिट, तिकोनी कानसी, पकडी एका पावलावर. शिकंजे वजनदार, ते गुडघ्याच्या उंचीवर, म्हणजे पडले तरी लांबून पडणार नाहीत.

आणि विळी. तू विळी कधी उभी सोडत नाहीस, आडवी करून पातं भिंतीकडे वळवतेस. पटाश्यांची घोडी करताना तेच डोळ्यांपुढे होतं. धार खाली, आणि पुढून एक पातळ फळी. मूठ तेवढी बाहेर. आता त्या चार सुतीला पडायचं म्हटलं तरी आधी वर उडी मारावी लागेल.

मापं दोन्ही लिहिली आहेत. मदतीला येणारा पोरगा आयटीआयमध्ये शिकलाय, त्याला मिमी कळतं, सूत म्हटलं की तो माझ्याकडे बघतो. म्हणून २ सूत आणि ६, ४ सूत आणि १२, ६ सूत आणि १८, ८ सूत आणि २५, असं एकाखाली एक. चार सूत म्हणजे बारा पूर्णांक सात मिमी, हे मला ठाऊक आहे बाबा, पण पटाशीवर कोरलेलं बाराच आहे.

प्रत्येक हत्याराच्या मागे त्याची आकृती निळ्या रंगाने काढलीय. दादा म्हणाला शाळेच्या प्रदर्शनासारखं दिसतं. दिसू दे. संध्याकाळी पडवी बंद करताना एक नजर टाकली की कुठला निळा रिकामा आहे ते कळतं. शेजारच्या काकांनी नेलेला पाना आपल्याला आठ महिन्यांनी आठवला होता ना? परवा त्यांनी पकड नेली, मी निळ्या आकृतीवर खडूने त्यांचं नाव आणि तारीख घातली. दुसऱ्या दिवशी ते सहज डोकावले, आपलं नाव भिंतीवर बघितलं, आणि दुपारी पकड परत आली. वर चार केळी.

गंजाचं सांगते, कारण तुम्ही तेच विचाराल. रंधे आणि बाकीच्या कानसी उघड्यावर नाहीत, जुन्या कपड्यांच्या कपाटात आहेत. कपाटात तळाला पंचवीस वॅटचा जुना तारेचा बल्ब दिवसरात्र जळतो, कशाला चिकटणार नाही असा जाळीत. आतली हवा जरा गरम राहिली की ओल धरत नाही. एलईडीने हे होत नाही, तो पुरेसा तापत नाही. तारेचा बल्ब शोधायला तीन दुकानं फिरावी लागली, दुकानदाराने मला पुराणवस्तू मागितल्यासारखं बघितलं. रंध्यांच्या पुढच्या टोकाखाली पातळ पट्टी आहे, पातं लाकडाला टेकत नाही. कानसी एकमेकींवर आपटून दात मारत होत्या, आता प्रत्येकीला आपापली खाच. करवतींच्या दातांवर बागेतल्या पाइपचे उभे चिरलेले तुकडे चढवलेत. तेल शिलाई मशीनचं लावते. खोबरेल बंद केलं, त्याला मुंग्या येतात. यावर वाद घालायचा तर इथे येऊन घाला.

तुमचा गुण्या तपासला, काटकोन बरोबर आहे का ते. फळीवर रेघ मारली, गुण्या पालथा केला, त्याच टोकातून पुन्हा मारली. दोन रेघांची एकच रेघ झाली. इतकी वर्षं साडेसहा फुटांवर टांगलेला, आणि एकदाही पडला नाही? की पडला, आणि तुम्ही कुणाला न सांगता सरळ केलात?

तुमच्या फणसाच्या पेटीला हात लावलेला नाही. म्हणजे उघडली, पुसली, तो वास घेतला आणि बंद केली. आत तीन वस्तू अशा आहेत की कशासाठी आहेत ते मला ओळखता आलं नाही. एक वाकडं पातं, दोन्ही टोकांना मूठ, एक मूठ दुसरीपेक्षा झिजलेली. त्यांच्यासाठी भिंतीवर जागा ठेवलीय, आकृती काढलेली नाही. ती तुम्ही सांगितल्यावर.

आता खरी गोष्ट. दादा म्हणाला, डॉक्टरांनी व्यायाम दिलाय तरी तुमचा उजवा हात खांद्याच्या वर जात नाही, आणि सदरा आई चढवते. हे तुम्ही मला सांगितलं नाहीत. मी पटाशीचं सांगितलं नव्हतं, तेव्हा फिटंफाट. पण त्या रात्री टेप घेऊन पुन्हा पडवीत गेले आणि तुमच्या मापाने मोजून बघितलं. माझ्या डोळ्यांसमोरची उंची म्हणजे तुमची छाती. माझ्यासाठी खाली आणलेलं सगळं तुम्हाला कोपर न उचलता मिळतंय. एकच घोडी तीन इंच खाली घ्यावी लागली, तिकोनी कानसींची. एका हाताने उचलली आणि लावली. बाकाशेजारी उंच पाट ठेवलाय, बसून धार लावायला. निसणा त्याच्या डाव्या हाताला, पाण्याची करवंटी त्याच्या बाजूला.

कामं आहेत. माटोळीच्या, म्हणजे गणपतीवर फळं टांगायच्या, चौकटी पाच सांगून झाल्या, त्यातली एक पाच फूट बाय चार. एवढं वजन ओढायचं तर सांधा कसा करायचा ते मला तुम्हाला विचारायचं आहे. गेल्या वर्षी तुम्ही केलात तो मी नीट बघितला नाही, मी फोनवर होते. चवथीच्या आठ दिवस आधी या. दोन दिवस आधी येऊन पाहुण्यासारखं बसू नका.

आई, तुझ्यासाठी कुळीथ पीठ भरून ठेवलंय, आणि मेमधलं आंब्याचं साठ आहे. येताना बेळगावचा कुंदा आण, पण दादाला न सांगता, तो वाटेत संपवतो.

एक राहिलं. जुनी पट्टी काढलेली नाही. काढणार होते, पाना हातात होता. मग वहिनी म्हणाली की चवथीला छोटूला घेऊन येतेय, तीन वर्षांचा झालाय, दिसेल त्याला हात लावतो आणि काल मिक्सरचं पातं काढून बसला होता. तेव्हा चवथीचे ते दिवस पटाश्या आणि करवती पुन्हा वर, आपापल्या खुंट्यांवर. टांगायला दादाला सांगा, तो पोचतो.

तुमची,
बाय