अमूला, दार उघडायच्या आधी

अमू,

रविवारी तू "आई प्लीज, तुला नाही कळणार तिकडचं" म्हणून फोन कट केलास. मी पण ठरवलं होतं की आता आपणहून फोन करायचा नाही. पण गौरवने सांगितलं की काउन्सिल टॅक्सच्या वसुलीचा तो माणूस दारावर येऊन गेला आणि तू दिवे बंद करून बाथरूममध्ये बसून राहिलीस, मग मला कसं गप्प बसवेल सांग. त्याच्यावर चिडू नकोस, मीच खोदून खोदून विचारलं. फोनवर तू बोलू देत नाहीस म्हणून बाबांच्या टॅबवर टाइप करतेय, जोडाक्षरं नीट येत नाहीयेत, समजून घे.

पहिली गोष्ट, त्याला आत घेऊ नकोस. बाकीचं पत्र सावकाश वाचलंस तरी चालेल. गौरवला बसवून मी इंग्लंडची सरकारी साइट आणि सिटिझन्स ॲडव्हाइस या सल्ला देणाऱ्या संस्थेची पानं सगळी वाचून घेतली. काउन्सिल टॅक्सच्या, म्हणजे तिकडच्या घरपट्टीच्या, थकबाकीसाठी आलेल्या बेलिफला, म्हणजे जप्ती-वसुलीच्या माणसाला, पहिल्या भेटीत जबरदस्तीने घुसता येत नाही, ढकलून नाही, दारात पाय अडकवून नाही, खिडकीतून नाही. सकाळी ६ ते रात्री ९ एवढ्यातच यायचं. पण कडी नसेल आणि दार नुसतं लोटलेलं असेल आणि तो आत आला, किंवा तू "या ना" म्हणालीस, तर तो कायद्याने आत आला. मग सामानाची यादी करणार, कंट्रोल्ड गुड्स ॲग्रीमेंटवर, म्हणजे हप्ते भरते आणि तोवर यादीतलं सामान हलवत-विकत नाही अशा करारावर, सही मागणार, आणि तू सही केलीस आणि नंतर हप्ता चुकला की परत येऊन कुलूप तोडायचा अधिकार त्याला मिळतो. म्हणजे सगळा खेळ त्या पहिल्या वेळेचा आहे. साखळी लाव, आतूनच बोल, आयडी पत्रपेटीच्या फटीतून दाखवायला सांग. सर्टिफिकेट असलेल्या बेलिफांचं रजिस्टर ऑनलाइन आहे, त्यात नाव बघ.

मला हे कळणार नाही म्हणालीस ना, अगं माझी अख्खी नोकरी वसुली विभागात गेली. मार्च एंडला पथकात एक बाई लागायचीच, कारण दुपारी घरात बायका असायच्या आणि त्या पुरुषाला दार उघडत नसत. मला पुढे करायचे. मी म्हणायचे, वहिनी जरा पाणी देता का, ऊन फार आहे हो. ती पाणी आणायला वळली की कुलकर्णीसाहेब उंबऱ्याच्या आत, आणि टीव्ही, मिक्सर, पंखा कागदावर उतरवायला सुरुवात. तिकडचा माणूस पाणी नाही मागणार, तो म्हणेल आत बसून शांतपणे बोलूया का, शेजाऱ्यांना कशाला ऐकवायचं, बाहेर पाऊस आहे. तू हो म्हणशील. दारात आलेल्याला उभं ठेवायचं नाही हे आजीने तुला चमच्याने भरवलंय, त्याचीच मला धास्ती वाटते.

आणि ते लाल अक्षरातलं लेटर, ज्यात लॉकस्मिथ घेऊन येऊ असं लिहिलंय. गौरवने फोटो दाखवला. वाचून मला आमच्या नोटिसा आठवल्या, "होणाऱ्या परिणामास व खर्चास आपण स्वतः जबाबदार राहाल". तो मजकूर माणूस घाबरून काउंटरवर यावा म्हणूनच असतो. त्यातलं "करू शकतो" आणि "करणार" वेगळं वाचायचं. पैसे खरे आहेत, ते भरायचेच आहेत, पण कुलूप तोडायचं वाक्य तुझ्या बाबतीत आज लागू नाही. उद्या लागू होऊ शकतं, कधी ते वर सांगितलंच आहे.

हे झालं कसं ते पण मला कळतंय. आपल्याकडे घरपट्टी घरमालकाची, भाडेकरूचा संबंध भाड्याशी, हेच तू लहानपणापासून ऐकलंस, माझ्याच तोंडून. तिथे राहणारा भरतो. विद्यार्थी होतीस तोवर माफ होता, कोर्स संपला त्या तारखेपासून माफी संपली, हे कुणी दारावर येऊन सांगत नाही, पाकिटात सांगतात. आणि पाकिटं तू ड्रॉवरमध्ये टाकत गेलीस. एक रिमाइंडर, सात दिवस, नाही भरलं की हप्त्याची सोय गेली आणि वर्षाचं सगळं एकदम देणं, मग समन्स, मग मॅजिस्ट्रेट कोर्टातून लायबिलिटी ऑर्डर, म्हणजे हे देणं तुझंच असा आदेश, तिचा खर्च वर, मग बेलिफ पाठवणारी एजन्सी. एजन्सीकडे केस गेल्याचे ७५ पौंड, माणूस दारात आल्याचे २३५, हे २०१४ च्या नियमांतच आहे. सामान उचललं तर आणखी ११०. आमच्याकडे थकबाकीवर महिन्याला २ टक्के शास्ती असायची आणि लोक आम्हाला शिव्या घालायचे, तिकडे तर दारापर्यंत चालत यायचे २३५! पाकीट आलं की त्याच दिवशी उघडायचं, बिल असो, बँक असो, लग्नपत्रिका असो, कितीदा सांगितलं, बाबांची पण हीच सवय, एलआयसीचं पत्र दिवाळीच्या साफसफाईत सापडलं

बघ, सुरू झाले. सॉरी. एकटी आहेस, दोन शिफ्ट करतेस, त्यात वरून मी.

लहानपणी शाळा सुटली की तू आमच्या ऑफिसात यायचीस आणि टेबलाखाली बसून रद्द पावत्यांवर शिक्के मारायचीस. एकदा पेठेतली एक बाई शिलाई मशीन उचललं म्हणून रडत आली होती, आठवतं का? मी साहेबांशी भांडले होते की कारागिराचं हत्यार जप्त करता येत नाही, नियम दाखवला, आणि मशीन संध्याकाळी परत गेलं. तू घरी येऊन आजीला सांगितलंस, आईने नियम वाचला आणि साहेब गप्प. तो अभिमान तुझ्या तोंडावर होता तसा मी परत कुणाच्या तोंडावर पाहिला नाही. नियम तिकडे पण आहे. कामाला किंवा शिक्षणाला लागणाऱ्या वस्तू १३५० पौंडांपर्यंत घेता येत नाहीत, म्हणजे तुझा लॅपटॉप त्यात बसेल असं सांग. फ्रिज, शेगडी, वॉशिंग मशीन, अंथरूण नाही. घरमालकाचा सोफा, टीव्ही तर तुझा नाहीच, भाडेकराराबरोबरची सामानाची यादी काढून ठेव. पण घराबाहेरची वस्तू तो सरळ घेऊ शकतो, सायकल रेलिंगला बांधतेस ना, ती आत घे. आणि ती नवीन राहायला आलेली मुलगी, तिला आजच सांग. तू शिफ्टला असताना तिने दार उघडलं तर माझं हे सगळं पुराण वाया.

आता काउन्सिलला फोन आणि मागोमाग ईमेल. युनिव्हर्सिटीकडून कोर्स संपल्याच्या तारखेचं पत्र माग, बिल त्या आधीपासून लावलं असेल तर तेवढं कमी होतं. तुझ्याबरोबर राहणाऱ्या त्या दोघी गेल्यावर काही महिने तू एकटीच होतीस, त्या काळाची २५ टक्के सूट माग. करार तिघींचा एकत्र असेल तर ते सगळी रक्कम एकटीकडून मागू शकतात, पण खोली-खोलीचा वेगळा करार असेल तर बहुतेक ठिकाणी टॅक्स घरमालकाच्या डोक्यावर जातो, म्हणून करार आधी वाच. केस एजन्सीकडून परत घ्या आणि मला हप्ते द्या असं लेखी माग. नाही म्हणाले तर एजन्सीलाच फोनवरून, ईमेलवरून हप्ते माग, त्यासाठी त्याने घरात यायची काही गरज नाही. जमेल तेवढाच आकडा सांग, भीतीने मोठा सांगू नकोस, मोठा सांगून तिसऱ्या महिन्यात गायब झालेले लोक मी खूप बघितलेत. सिटिझन्स ॲडव्हाइस किंवा स्टेपचेंज ही कर्जाबद्दल सल्ला देणारी संस्था फुकट मदत करतात. ब्रीदिंग स्पेस म्हणून स्कीम आहे, २०२१ पासून, सल्लागारामार्फत मिळाली तर ६० दिवस वसुली थांबते. व्हिसाचं पण त्यांनाच विचार, व्हॉट्सॲप ग्रुपवर नको.

बाबा रोज विचारतात पोलीस येतील का. मी सांगितलं, बेलिफ अटक करू शकत नाही. इंग्लंडमध्ये काउन्सिल टॅक्ससाठी तुरुंगाची तरतूद अजून आहे, खोटं नाही बोलणार, पण त्याला कोर्टात वेगळी सुनावणी लागते आणि मुद्दाम भरत नाही किंवा अक्षम्य हलगर्जी केली हे सिद्ध व्हावं लागतं, आणि जी मुलगी ईमेल करून हप्ता भरते तिचं तसं होत नाही. लायबिलिटी ऑर्डर क्रेडिट रेकॉर्डवर पण येत नाही. तरी ते रात्री उठून गॅलरीत फिरतात आणि सकाळी काकांना फोनवर सांगतात, अमूचं एकदम मस्त चाललंय. काकांना मी काही सांगितलेलं नाही, आत्याला तर नाहीच.

पैशांचं, माझ्या पेन्शनच्या खात्यातले पाठवू शकते, आणि तू नको म्हणशील हे पण माहितीये. कर्ज म्हणून घे, व्याज लाव हवं तर. पण आधी कोर्स संपल्याच्या आणि त्या दोघी गेल्याच्या तारखेवरून बिल कमी होतंय का बघू, उगाच जास्तीचं भरायचं नाही, मी आयुष्यभर दुसऱ्या बाजूला बसलेली आहे, मला माहितीये लोक किती वेळा चुकीचं बिल मुकाट भरून जातात.

ड्रॉवरमधली सगळी पाकिटं आज काढ, तारखेप्रमाणे लाव, आणि प्रत्येकाचा फोटो पाठव, दोन्ही बाजूंनी, मागच्या बाजूला बारीक अक्षरात असतं तेच कामाचं असतं. आणि तो परत आला तर मला लगेच व्हिडिओ कॉल कर, आपल्याकडे कितीही वाजलेले असोत, दार बंद ठेवूनच.

आई

ता. क. गौरव म्हणतो लेटरबॉक्सच्या फटीला आतून टेप लावली तर टपाल पण येणार नाही, तसलं काही करू नकोस.