जुनी मस्टँग जरूर घ्या, पण आधी तांब्याभर पाणी ओता

महोदय,

रविवारच्या पुरवणीतला अमेरिकन पोनी कार्सवरचा, म्हणजे फोर्ड मस्टँगसारख्या साठच्या दशकातल्या आटोपशीर स्पोर्टी गाड्यांवरचा, लेख वाचला. फोटो झकास होते. पण ‘परसात पडलेली मस्टँग पाच-सात हजार डॉलरला उचला, दोन-तीन वर्षं फावल्या वेळात खपा, चाळीस हजारांची गाडी तयार’ हे गणित वाचून गप्प बसवेना. मी पुण्यात शिकलेली आणि डेट्रॉइटजवळ निवृत्त झालेली इंजिनिअर. गाडीचा पत्रा गंजू नये म्हणून काय करायचं, याचाच पगार मी नोकरीभर घेतला. तेव्हा थोडं लांबलं तर सांभाळून घ्या.

आधी एक किरकोळ दुरुस्ती. पहिली पोनी कार मस्टँग नव्हे. प्लिमथची बॅराकुडा १ एप्रिल १९६४ ला आली, मस्टँग १७ एप्रिलला. पण नाव पडलं ते मस्टँगच्या घोड्यावरून, कारण २,३६८ डॉलरच्या त्या गाडीने बाजारच खाल्ला. मार्च १९६६ पर्यंत दहा लाख मस्टँग बनल्या होत्या. म्हणून तर आजही विकायला इतक्या निघतात. पण या काही जपून ठेवलेल्या गाड्या नव्हेत. लोकांनी त्या ऑफिसला नेल्या, पोरांना शाळेत सोडलं आणि मिशिगनच्या हिवाळ्यात मिठावरून चालवल्या. बर्फ वितळावा म्हणून इथे रस्त्यावर मीठ टाकतात. त्यासाठी लांब जायलाही नको, डेट्रॉइट शहराच्या खालीच हजारेक फुटांवर मिठाची खाण आहे. वर गाड्या बनवायच्या आणि खालून त्यांना खाणारं मीठ काढायचं, असा या गावाचा दुहेरी धंदा! जस्ताचा मुलामा दिलेला पत्रा गाडीभर वापरायची पद्धत १९८०च्या दशकात रुळली. त्याआधीच्या गाड्यांचं नशीब ज्याने त्याने ओळखावं.

आता लेखात ज्याचा उल्लेखच नाही ती गोष्ट. मस्टँगच्या पुढच्या काचेखाली, बोनेटच्या मागे, जाळीच्या फटी असतात. त्यांच्याखाली पत्र्याची एक बंद पेटी आहे, इथे तिला काऊल म्हणतात. पावसाचं पाणी फटींतून पेटीत शिरतं आणि दोन्ही टोकांनी बाहेर पडतं. पेटीतून गाडीत हवा यावी म्हणून दोन गोल भोकं ठेवलीत आणि पाणी आत येऊ नये म्हणून त्यांना उभी कड दिली आहे. साठ वर्षांत पेटीत पानं साचतात, ती गच्चीवरच्या पन्हाळीसारखी तुंबते, ओल धरते आणि ती कड खालून कुजते. वरून काही म्हणजे काही दिसत नाही.

माझ्या भाच्याला १९६६ची मस्टँग घ्यायची होती, म्हणून त्याच्याबरोबर एका शेतावरच्या कोठारात गेले होते. लाल रंग नवाकोरा, चाकं चकाचक, ‘उभी केली तेव्हा चालत होती’ हे ठरलेलं वाक्य. मी मालकाकडे एक जग भरून पाणी मागितलं आणि ते जाळीवर ओतलं. भाचा आत वाकून डॅशबोर्डखाली बॅटरी मारत होता. क्षणभर काही नाही, मग त्याच्या मनगटावर तपकिरी धार. मालक म्हणाला, “त्यात काय, थोडं सीलंट लावलं की झालं!” सीलंट लावून होत नाही. फेंडर (पुढच्या चाकांवरचे पत्रे) उतरवा, काच काढा, पत्रे जोडणारे ढिगाने स्पॉट वेल्ड ड्रिलने फोडा, पेटी उघडा, नवा पत्रा बसवा, पुन्हा वेल्ड करा. आणि इतकं करून गाडी बाहेरून होती तशीच दिसते. मग कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक मागच्या चाकांवरच्या पत्र्यावर फिरवलं. चिकटेना. पत्र्याच्या जागी बोटभर जाड पुट्टी भरलेली होती.

पूर्ण गाडी उलगडून नीट करायला हजार तास लागले तरी नवल नाही, आणि इथल्या चांगल्या गॅरेजात तासाला शंभर डॉलर सहज मोडतात. गुणाकार लेखकाने करावा. स्वतः वेल्डिंग येत असेल आणि शनिवार-रविवार त्यात घालवायला आवडत असेल तर खुशाल घ्या, तो छंद उत्तम आहे. मस्टँगचे आणि १९६७ ते ६९च्या शेव्हरोले कमॅरोचे सुटे भागच काय, अख्खी बॉडीसुद्धा नवी बनवून मिळते. पण १९६४च्या बॅराकुडाची मागची प्रचंड काच फुटलेली असेल, किंवा मर्क्युरी कूगरचे एकामागून एक पेटणारे इंडिकेटर फिरवणारी डिकीतली मोटर गायब असेल, तर भंगारवाले धुंडाळत बसावं लागतं.

गाडीवर लावलेल्या बिल्ल्यांवर तर अजिबात विश्वास ठेवू नका. १९६५-६६च्या मस्टँगच्या चासी नंबरात पाचवं अक्षर इंजिनाचं असतं. त्या दोन वर्षांत जीटी हे स्पोर्टी पॅकेज फक्त ‘ए’ आणि ‘के’ अक्षरांच्या इंजिनांवर मिळत होतं. तिथे ‘सी’ असेल आणि गाडीवर जीटी लिहिलेलं असेल तर ते नंतर कुणीतरी चिकटवलंय. हा नंबर दारावरच्या पट्टीवर बघू नका, दार बदलता येतं. बोनेट उघडून ड्रायव्हरच्या बाजूच्या आतल्या पत्र्यावर ठोकलेला बघा.

आता ज्यांना इथे सर्व्हायव्हर म्हणतात त्या गाड्या, म्हणजे कुणी न उलगडलेल्या, मूळ रंगाच्या. रंग विटलेला, सीटची शिवण उसवलेली, पण पत्रा शाबूत. अशी सहा सिलिंडरची साधी गाडीसुद्धा मी त्या लाल गाडीच्या दुप्पट पैशांत घेईन. हॉलिवूडचा नट स्टीव्ह मॅक्वीनने पडद्यावर पळवलेली १९६८ची हिरवी मस्टँग जानेवारी २०२० मध्ये कमिशनसकट ३७.४ लाख डॉलरला गेली, तीही खरचटलेली, विटलेली, तशीच. नव्याने रंगवली असती तर जुना एकही थर उरला नसता.

भारतात अशी गाडी ठेवू पाहणाऱ्यांसाठी तर हे जास्तच महत्त्वाचं. जुलै २०२१ च्या केंद्राच्या नियमांनुसार पन्नास वर्षांवरच्या गाडीला व्हिंटेज नोंदणी मिळते, ‘व्हीए’ अक्षरांचा नंबर, २०,००० रुपये शुल्क, दहा वर्षांची मुदत. पण गाडी मूळ स्वरूपात हवी. चासी, बॉडी किंवा इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. नवी बॉडी आणि भलतंच इंजिन घातलेली ‘रिस्टोअर्ड’ मस्टँग आणून आरटीओपुढे उभी केलीत, तर काय सांगणार आहात?

लेखकाला माझी विनंती इतकीच, की पुढच्या भागात चकचकीत बोनेटचे फोटो दोन कमी छापा आणि गाडीच्या पोटाखालचा एक छापा. तो पाठवायला विकणारा टाळाटाळ करत असेल, तर फोन ठेवून द्यावा.

आपली,
एक वाचक, ट्रॉय (मिशिगन)