पेटीमागच्या माणसाचं गाणं

तीर्थरूप आई-बाबांस,
सा. न. वि. वि.

बाबा, रागावू नका. कोजागिरीच्या कार्यक्रमात तुमचं नाव देऊन टाकलंय. साथीला नाही, गायला. निळ्या वहीतल्या दोन चाली, तुमच्याच. यादी छापायला गेली आहे, त्यामुळे आता खोडता येणार नाही. (येईल, पण मी खोडणार नाही.) फोनवर तुम्ही ‘बरं बरं’ म्हणून आईकडे दिला असतात, म्हणून नेरूळहून ठाण्याला पत्र.

आधी विचारायला हवं होतं, कळतं मला. पण मग ‘पेटीवाल्याने पेटी वाजवावी’ हेच ऐकायला मिळालं असतं. त्यावर माझं उत्तर रिक राइट. पिंक फ्लॉइड या इंग्लिश रॉक बँडचा कीबोर्डवाला. हो आई, तोच गोंगाट! पण त्या गोंगाटातला हा सगळ्यात शांत माणूस.

या बँडचं नाव घेतलं की लोकांना गिटार आठवते, नाहीतर ‘द वॉल’ तबकडीची ती भिंत. पण ‘अस अँड देम’ची चाल राइटची. इटालियन दिग्दर्शक अंतोनिओनीच्या चित्रपटासाठी पियानोवर बांधलेली, दिग्दर्शकाने नको म्हटलेली, 1973 च्या ‘डार्क साइड ऑफ द मून’ या तबकडीत सार्थकी लागलेली. बाबा, त्याच तबकडीवरच्या ‘ब्रीद’मधली एक जागा तुमच्यासाठी. त्याने ती माइल्स डेव्हिसच्या जॅझवरून उचलली, हे त्यानेच सांगितलंय. पायपेटीला दोन्ही हात मोकळे असतात, म्हणून जमेल. डाव्या हाताने पांढरी दोन आणि काळी तीन या पट्ट्या दाबा. उजव्याने वरच्या सप्तकातली पांढरी एक आणि पांढरी चार. पांढरी दोनला सा धरलात तर शुद्ध गंधार खाली, कोमल गंधार वर, दोन्ही एकाच वेळी. मग फक्त वरचं बोट पांढरी चारवरून काळी दोनवर उतरवा, आणि पांढरी तीनच्या घरात जाऊन बसा. दोन्ही गंधार एकाच सप्तकात घेतलेत तर नुसतं कचकचेल, अंतर हीच त्यातली गंमत आहे. पाय हलका ठेवा, हवा जास्त झाली की वरचा सूर किंचाळतो.

एवढं कौतुक तर सगळे करतात. त्याच्या गाण्याकडे मात्र कोणी वळत नाही. ‘टाइम’मध्ये बँडचा गिटारवाला गिल्मोर गातो, त्याचा खडा आवाज थांबतो आणि मध्ये एक मऊ आवाज येतो, तो राइट. 1968 चं ‘रिमेम्बर अ डे’ आणि 1970 चं ‘समर सिक्स्टी-एट’ त्याने लिहिली आणि गायलीही त्यानेच. आवाज मोठा नाही. ओळीच्या शेवटी तो सूर ताणत नाही, सोडून देतो. तुम्ही देवासमोर म्हणता ना, तसा.

1978 मध्ये त्याची स्वतःची पहिली तबकडी आली, ‘वेट ड्रीम’. (आई, नावावर जाऊ नकोस.) दहा तुकडे, त्यातली गायलेली चारच. ‘अगेन्स्ट द ऑड्स’ त्याने बायकोबरोबर लिहिलंय, संसार उसवत असतानाचं, पण कुठे आदळआपट नाही. ‘हॉलिडे’ सगळ्यात सुरेख, त्यात कीबोर्ड गाण्याच्या पुढे येतच नाही. ‘फंकी ड्यू’ वगळलंत तरी चालेल. तेव्हा या तबकडीकडे फारसं कोणी पाहिलं नाही. 2023 मध्ये स्टीव्हन विल्सन या संगीतकाराने ती नव्याने मिक्स केली, सोबतच्या पेन ड्राइव्हवर तीच घातली आहे, आवाज मोकळा झालाय.

दुसरी, 1996 ची ‘ब्रोकन चायना’, नैराश्यावर आहे. शब्द बहुतेक अँथनी मूरचे. ती रात्री लावू नका, दुपारच्या चहानंतर लावा. त्यातलं ‘ब्रेकथ्रू’ त्याने आयरिश गायिका सिनेड ओ’कॉनरकडून गाऊन घेतलं. तिने छानच गायलंय. पण 2002 मध्ये गिल्मोरच्या मैफिलीत तेच गाणं तो स्वतः गायला, वय 58. मला विचाराल तर त्याचंच खरं. चाल ज्याची असते त्याला श्वास कुठे घ्यायचा ते माहीत असतं.

निळ्या वहीतल्या चाली आजवर किती जणांना शिकवल्यात, बाबा?

आता ऐका. कानातलं यंत्र संगीताच्या मोडवर ठेवा. बोलण्याच्या मोडवर ते लांब सुराला शिट्टी समजून दाबतं, मग सूर थरथरल्यासारखा वाटतो आणि तुम्ही म्हणता पेटी उतरली. काळी दोनमध्ये गायचा हट्ट नको, पांढरी एक घ्या. बोटं बदलतील, म्हणून आजपासूनच रोज वीस मिनिटं, त्याहून जास्त नाही. गाताना एकच स्टॉप उघडा, दोन उघडलेत तर तुमचा आवाज पेटीखाली जाईल. गुडघा कुरकुरला तर निमूट हातपेटी घ्या.

बाकी सगळं मी बघते. हॉल तळमजल्यावरच आहे, घडीची पायपेटी लिफ्टमधून उतरते, पाठ टेकायची खुर्ची सांगून ठेवली आहे. तुमचा नंबर तिसरा आहे, साडेनवाला घरी याल. गच्चीवर दुधासाठी थांबायचं नाही, दव पडतं. आई, त्यांचं दूध बिनसाखरेचं वेगळं काढ, आणि मफलर म्हणजे तो चॉकलेटीच, दुसरा टोचतो त्यांना. बीपीची गोळी जेवणानंतर, गाणं आहे म्हणून पुढे ढकलायची नाही.

अगदीच नको वाटलं तर ऐनवेळी फक्त वाजवा, मी कोणाला काही बोलणार नाही. पण वही घेऊन खाली या.

शनिवारी सकाळच्या ट्रान्स-हार्बरने येते. पांढरी एकमध्ये पहिलं कडवं ऐकवायचं.

तुमची,
चिमी