दिग्याला पत्र : शेतात खिशात कोणता चाकू ठेवायचा

प्रिय दिग्या,

तुझा मेसेज मिळाला आणि तू पाठवलेल्या चाकूंच्या लिंकापण सगळ्या उघडून बघितल्या. फोनवर हे नीट सांगता येत नाय, म्हणून बसून लिहितोय, सावकाश वाच.

पहिलं म्हणजे त्यातला एकपण घेऊ नको. ते काळे, जाड पाठीचे, मागच्या बाजूला करवतीचे दाते असलेले चाकू फोटोत भारी दिसतात, पण पातं चार-पाच मिलिमीटर जाड, आणि जाड पातं कापत नाय रे, फाकवत जातं. आपल्याला दिवसभर काय कापायचं असतं ते बघ की. सुतळी, पॅकिंगची पट्टी, मल्चिंग पेपर, ठिबकची 16 एमएमची नळी, बांधलेल्या फांदीची दोरी, खोडाची साल, कधी एखादं फळ उघडून दाण्याचा रंग बघायचा. यातल्या एकालापण जाड पातं लागत नाय, पातळ आणि खरंच धारदार लागतं. फांदीला कात्री आहे, कडब्याला विळा आहे, उसाला कोयता आहे, त्यांचं काम चाकूवर टाकलं की चाकू वाकतो नायतर हात कापतो.

आणि तुझी बाग डाळिंबाची, म्हणून तुझ्यासाठी चाकूचं खरं काम वेगळंच आहे. सांगोल्याकडच्या बागा मर रोगानं आणि पिन होल बोररनं, म्हणजे खोड पोखरणाऱ्या बारीक भुंग्यानं, कशा गेल्या ते तुझ्या अण्णांनी डोळ्यांनी बघितलंय, तू तेव्हा पुण्यात होतास. झाडाची एकच फांदी पिवळी पडायला लागली की बाकीचं झाड हिरवं आहे म्हणून सोडून द्यायचं नाय. खाली वाकायचं, बुंध्याजवळची माती हातानं बाजूला करायची आणि पिवळ्या फांदीच्या बाजूनं खोडाची साल चाकूनं उभी, नखाएवढ्या रुंदीची, अगदी पातळ सोलायची. निरोगी लाकूड आतून फिकट, पिवळसर दिसतं. मर लागलेली असली तर त्या फिकट लाकडात करड्या-तपकिरी रंगाचा पट्टा उभा चढत गेलेला दिसतो, एकदा बघितलास की परत कुणाला विचारायला लागणार नाय. बोरर असला तर टाचणीनं टोचल्यासारखी भोकं आणि त्यातून बाहेर आलेला बारीक भुसा दिसतो, साल तासली की आतला बोगदा सापडतो. बोथट चाकूनं साल सोलली जात नाय, चेंगरते, आणि चेंगरलेल्या सालीचा रंग तसाही काळपट पडतो, मग रोग आहे का आपणच केलेली जखम आहे ते कळत नाय. धारेचा मी एवढा आग्रह का धरतो त्याचं कारण हे.

आता यातली सगळ्यात महत्त्वाची गोष्ट. ज्या चाकूनं ते झाड बघितलंस तोच तसाच घेऊन शेजारच्या झाडाकडं जायचं नाय. मर ही बुरशी आहे, तेल्या (पानाफळांवर तेलकट डाग पाडणारा रोग) हा जिवाणू आहे, आणि दोन्ही हत्यारातून पसरतात. छाटणीच्या वेळी कात्र्या सोडियम हायपोक्लोराईटच्या द्रावणात बुडवायला सांगतात ते याच्यासाठीच, पण आपण चाकूला विसरतो कारण तो खिशातच असतो, हत्यार म्हणून मोजलाच जात नाय. हायपोक्लोराईट पोलादाला खातं, धारेवर बारीक खड्डे पडतात, म्हणून चाकूला मी स्पिरिट वापरतो. छोटी बाटली आणि कापडाचा तुकडा खिशात ठेव, आधी चिकटलेला रस आणि भुसा पुसून काढायचा, मग स्पिरिट लावून वाळू द्यायचं. घाण तशीच ठेवून वरून स्पिरिट ओतलं तर खालचं मरत नाय. बघायला सुरुवातपण नेहमी चांगल्या झाडांकडून करायची, आजारी झाड शेवटी.

घ्यायचा कोणता ते सांगतो. पातं आठ-नऊ सेंटीमीटर, जाडी दोन मिलिमीटरच्या आसपास, टोक फार अणकुचीदार नको, आणि मूठ अशी की घामेजल्या हातात फिरत नाय. घडीचा का सरळ, यात माझं मत सरळ पात्याच्या बाजूनं आहे, कारण घडीच्या सांध्यात माती, डिंक, खताची पूड जाऊन बसते आणि ती रोज कोण काढत बसणार. सरळ पात्यात पोलाद मुठीच्या शेवटापर्यंत गेलेलं आहे का बघ, दोन्ही बाजूंनी लाकूड लावून रिव्हेट मारलेले असले की ती मूठ निघत नाय. पातळ शेपटी लाकडात नुसती खुपसलेली असली तर दोन उन्हाळ्यात लाकूड आटतं आणि मूठ खुळखुळायला लागते.

घडीचाच पाहिजे असला तर फ्रान्सचा ओपिनेल बघ. तिकडं सव्होय भागात 1890 पासून बनतोय, डोंगरातल्या शेतकऱ्यांच्या खिशातलाच चाकू तो. आठ नंबरचं पातं साडेआठ सेंटीमीटर, पातळ, आणि उघडल्यावर गोल कडी फिरवली की मिटत नाय. कार्बन स्टीलचा आणि स्टेनलेसचा दोन्ही मिळतात. पण मूठ लाकडी, त्यामुळं पावसाळ्यात लाकूड फुगतं आणि पातं उघडताना नख तुटायची वेळ येते. स्विस व्हिक्टोरिनॉक्सचा फार्मर म्हणून एक येतो, त्याला लहान करवतपण असते, ॲल्युमिनियमची मूठ, पाण्यानं काहीच होत नाय. कुठल्यापण बटणाचा, खटकन उघडणारा चाकू घेऊ नको, एक तर माती गेली की ते बटण अडकतं आणि दुसरं म्हणजे तो खिशात सापडला तर शेतीचा आहे हे कुणालाच पटणार नाय.

पण मला विचारशील तर हे सगळं सोडून आठवडी बाजारात जा. रस्त्याच्या कडेला घिसाडी कुटुंबं पाल टाकून बसतात, बाई घण मारते आणि माणूस ऐरणीवर सांडशीनं लोखंड फिरवतो. त्यांच्याकडं ट्रकच्या कमानपाट्याचा तुकडा असतो, त्याच पोलादाचा चाकू करून माग. कमानपाट्यात कार्बन साधारण अर्धा-पाऊण टक्क्याच्या मधे असतो, म्हणजे त्याला पाणी देता येतं, तापवून विझवून कडक करता येतं, साध्या सळईला येत नाय. पाणी देताना तिथंच उभा राहून बघ. लाल केलेलं पातं पाण्यात किंवा तेलात विझवलं की ते काचेसारखं कडक पण ठिसूळ होतं, मग घासून चकचकीत करून परत हलकं तापवतात, तेव्हा पोलादावर रंग धावतो, आधी गवती पिवळा, मग तपकिरी, मग जांभळा, शेवटी निळा. चाकूला पिवळ्यावरच थांबायचं असतं, निळ्यापर्यंत गेलं की मऊ पडतं, धार उभी राहत नाय. तुला पिवळा ठेवा म्हणून सांगता आलं की ती माणसंपण कामाकडं जास्त लक्ष देतात, हे मी बघितलंय, त्यांच्या हातात पिढ्यान्‌पिढ्यांची कला आहे आणि विचारणारं कुणी उरलं नाय. भाव करत बसू नको त्यांच्याशी.

हाच रंग धार लावतानापण लक्षात ठेव. सायकलवर चाक घेऊन येणारा धारवाला किंवा गावातला ग्राइंडर, तिथं ठिणग्या उडतात आणि धारेची कड निळी पडते. निळी पडली म्हणजे तेवढ्या भागाचं पाणी उतरलं. धार लागलेली वाटते आणि दुपारपर्यंत जाते. विळ्या-कुऱ्हाडीला चालत असेल, चाकूला ग्राइंडर दाखवायचाच नाय. चाकूच्या आधी दगड पाहिजे. कार्बोरंडमचा दुहेरी दगड हार्डवेअरच्या दुकानात मिळतो, एक बाजू खरखरीत, एक बारीक. पाणी टाकायचं, पातं दगडावर साधारण वीस अंश उचलून धरायचं, म्हणजे पाठ दगडापासून जेमतेम वर, आणि धार पुढं करून एकसारखं ढकलायचं. उचललेला कोन बदलायचा नाय, सगळी मेख तिथंच आहे. थोड्या वेळानं दुसऱ्या बाजूला अंगठा धारेवर आडवा ओढून बघ, लांबीनं नको, आडवा, बारीक खरखर लागली की ती बाजू झाली. मग उलटी बाजू, मग बारीक दगड, शेवटी जुन्या चामडी पट्ट्याच्या आतल्या बाजूवर पाठीकडून ओढून घ्यायचा. सोमवारी एकदा दगड आणि रोज रात्री पट्ट्यावर चार हात, एवढं केलंस तर धार कधी जातच नाय. पूर्ण बोथट होऊ दिला की मात्र तास मोडतो. डोळे भरायचा, कलमाचा चाकू घेतलास तर तो वेगळा, त्याला एकाच बाजूनं धार असते, सपाट बाजू दगडावर पूर्ण आडवी ठेवूनच घासायची, नायतर कलमाचा काप गोलसर येतो आणि जोड बसत नाय.

धार जाते कशानं सांगू? कापण्यानं कमी, मातीनं जास्त. जमिनीवरची ठिबकची नळी उचलून तशीच कापतो आपण, तिच्यावरचे वाळूचे कण पोलादापेक्षा कडक असतात. आधी नळी पुसायची आणि मग कापायची, कापपण सरळ काटकोनात, तिरका गेला की जॉइनर बसल्यावर गळतं. खताची गोणी कापू नकोच, तोंडाच्या शिलाईचा बरोबर दोरा धरून ओढला की सगळी शिलाई सरसर उसवते, गोणीपण वापरायला राहते. आणि खताचा कण पात्याला लागला तर लगेच धू, युरिया, पोटॅश सगळेच ओल धरून पोलादाला गंज चढवतात.

कार्बन पोलाद डाळिंबाच्या सालीनं काळं पडेल, घाबरू नको. सालीतलं टॅनिन आणि लोखंड मिळून तो काळा रंग येतो, तो गंज नाय, उलट थोडंफार राखणच करतो. लाल, पूड होऊन हाताला लागणारा तो गंज, तो दिसला की बारीक स्टील वुलनं काढायचा. रात्री पुसून खोबरेल तेलाचं एक बोट, बास. मुठीला जवसाचं तेल, ते लाकडात जाऊन वाळतं. म्यानात ठेवून झोपू नको, चामड्याचं म्यान ओल धरतं. मी पीव्हीसी पाइपचा तुकडा गरम करून फळीखाली चपटा केलाय, खालचं तोंड उघडं ठेवलंय, पाणी-माती आपोआप गळून जाते, कमरेला लावून दिवसभर फिरतो.

बोर्डोचं, म्हणजे बुरशीवर फवारायच्या मिश्रणाचं, एक काम चाकू फुकटात करून देतो ते सांगायचंच राहिलं. मोरचूद आणि चुन्याचं मिश्रण तयार झालं की चकचकीत पुसलेलं साधं पोलादी पातं त्यात मिनिटभर धर. बाहेर काढल्यावर तांबूस थर दिसला तर मोरचूद मोकळं आहे, चुना कमी पडलाय, आणखी चुन्याची निवळी घाल आणि परत बघ. थर यायचा थांबत नाय तोपर्यंत फवारायचं नाय, कोवळी पानं जळतात. स्टेनलेसवर ही परीक्षा भरवशाची नाय. काम झालं की पातं लगेच धुवायचं, आणि फळ खायला हा चाकू कधीच वापरायचा नाय, औषधं लागलेली असतात, खाण्याचा वेगळा ठेव.

मुठीला भोक पाडून भगव्या किंवा लाल कापडाची पट्टी बांध, गवतात पडला तर लांबनं दिसतो. कडब्यात पडलेला चाकू कुट्टी मशीनमधे गेला तर मशीनचं पातं जातं आणि तुकडा गाईच्या पोटात. कायद्याचं विचारलं होतंस, तर 2016 च्या शस्त्र नियमांत नऊ इंचापेक्षा लांब किंवा दोन इंचापेक्षा रुंद पात्याच्या हत्यारांची गोष्ट आहे आणि शेतीसाठी, घरासाठी बनवलेली त्यातून वगळलेली आहेत, तुझा साडेतीन इंची चाकू त्यात येत नाय. तरी पुण्याला येताना घरीच ठेव, शहरात तो बाळगायचं कारण विचारलं तर काय सांगणार तू.

दगड मी इथून पाठवतोय, दुकानात बघत फिरू नको, पट्टापण घातलाय त्यात. चाकू घेतलास की बुंध्याजवळ सोललेल्या पहिल्या झाडाचा फोटो जवळून काढून पाठव, उजेडात काढ, सावलीत करडा आणि तपकिरी सारखाच दिसतो. अण्णांना आणि काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
सच्या
तासगाव