पुडीत १०३, पत्रकात ०.०१

संपादक महोदय,

चवथ जवळ आली की मखराला पळते दिवे करायला मुले ५५५ (ठोके देणारा) आणि ४०१७ (दर ठोक्याला दिवा पुढे सरकवणारा) या आयसींचे, म्हणजे चिपांचे, किट आणतात. सोल्डरिंग नीट असते, आयसी धड असतात, तरी दिवे पळत नाहीत. पुष्कळदा घोळ कपॅसिटरचा, म्हणजे वीजभार साठवणाऱ्या भागाचा असतो. किटच्या पत्रकात त्याचे मूल्य छापतात ०.०१ मायक्रोफॅरड आणि पुडीतल्या चपट्या गोळीवर असते १०३. दोन्ही एकच, पण हे सांगणारी ओळ पत्रकात नसते.

पहिले दोन आकडे जसेच्या तसे घ्यावेत, तिसरा सांगेल तितकी शून्ये पुढे लावावीत. उत्तर पिकोफॅरडमध्ये येते. १०४ म्हणजे १० वर चार शून्ये, १,००,००० पिको. हजाराने भागले की १०० नॅनो, पुन्हा हजाराने भागले की ०.१ मायक्रो. फसवतो तो २२०. या रीतीने तो २२ पिकोच होतो. २२० पिकोला २२१ लिहितात. आकड्यांमागचे अक्षर छापील मूल्यात किती फरक असू शकतो त्याचे असते: जे ५ टक्के, के १०, एम २०. ‘१०४के’मधला के किलोचा नव्हे! सर्किटच्या जुन्या नकाशांतला ‘एमएफडी’ही मिली नव्हे, मायक्रोच.

१०३ मधले १० पाहून तीच गोळी १० मायक्रोच्या जागी बसवली तर काय होते? ५५५ ला १ किलोओम आणि ६.८ किलोओमचे रेझिस्टर असतील, तर १० मायक्रोवर सेकंदाला साधारण १० ठोके पडतात आणि दिवा एका सेकंदात दहा एलईडींची फेरी मारतो. १० नॅनोवर तेच ठोके दहा हजारांच्या घरात जातात. डोळ्याला दहाही एलईडी एकदम, मंद पेटलेले दिसतात. मग बिचारा ४०१७ जळाला म्हणून कचऱ्यात जातो.

इलेक्ट्रोलायटिक जातीच्या कपॅसिटरवर पट्टा ऋण बाजूला असतो, टँटलम जातीच्या कपॅसिटरवर मात्र धन बाजूला. उलटा बसला की तापतो, फुगतो, फुटतोही. व्होल्टेजकडेही बघावे. १२ व्होल्टचा ट्रान्सफॉर्मर ब्रिजनंतर (एसीचे डीसी करणाऱ्या डायोडांनंतर) भार नसताना १६ व्होल्टच्या वर जाऊ शकतो, तिथे १६ व्होल्टचा कपॅसिटर नको, २५ चा घ्यावा.

किट बनवणाऱ्यांनी भागांच्या यादीत मूल्याशेजारी ‘गोळीवर छापलेले: १०३’ एवढे घालावे. त्याला जादा कागदही लागत नाही. शाळांसाठी किट घेणाऱ्यांनी ही यादी बघूनच मागणी नोंदवावी. तोवर शिक्षकांनी कपॅसिटर मोजणारा मल्टिमीटर वर्गात ठेवावा आणि बसवण्याआधी एकेक मोजून घ्यावा. सर्किटमधून काढलेला मोठा इलेक्ट्रोलायटिक असेल तर त्याचे दोन्ही पाय १ किलोओमच्या रेझिस्टरने काही सेकंद जोडून तो आधी रिकामा करावा, नाहीतर मीटरच जायचा.

— एक इलेक्ट्रॉनिक्स शिक्षक, फोंडा