दोन ओळींच्या दुरुस्तीविषयी

बडोदा

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, कोडच्या दोनच ओळी बदलायच्या होत्या तर इतके दिवस का लागले, असे तुम्ही परवा विचारलेत. फोनवर ते नीट सांगता आले नाही, म्हणून लिहिते.

लिनक्स या संगणक प्रणालीच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, नेटवर्कवरून आलेले पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, मेमरीत ठेवले जाते आणि ते एकाच वेळी कर्नलच्या दोन-तीन भागांच्या हाती असू शकते. म्हणून त्यासोबत एक मोजणी असते: घेणाऱ्याने एक वाढवायचा, सोडणाऱ्याने एक कमी करायचा आणि शून्य झाले की ती जागा दुसऱ्या कामाला मोकळी करायची. आमच्या बगमध्ये, म्हणजे कोडमधल्या दोषात, अर्धवट पॅकेट आले, की आतले फंक्शन (ठरावीक काम करणारा कोडचा तुकडा) ते सोडून देई आणि त्याला बोलावणारेही तेच पुन्हा सोडी. त्यामुळे तिसरा कोणी ते वाचत असतानाच जागा दुसऱ्याला मिळे आणि सर्व्हर भलत्याच ठिकाणी बंद पडे. नेहमीची पॅकेटे त्या वाटेने जातच नाहीत, म्हणून हा दोष इतकी वर्षे दबून राहिला.

तो सापडला केएसॅन या मेमरीतल्या चुका पकडणाऱ्या साधनामुळे. 2015 मध्ये कर्नलच्या 4.0 आवृत्तीत आलेले हे साधन दर आठ बाइटांमागे एक बाइट नोंदीसाठी राखते आणि सोडलेल्या जागेला कोणी हात लावला, की ती जागा कोणी घेतली व कोणी सोडली, हे दाखवते. दोष कोणत्या बदलाने शिरला ते गिटच्या, म्हणजे कोडमधल्या प्रत्येक बदलाची नोंद ठेवणाऱ्या साधनाच्या, बायसेक्ट या सोयीने शोधले. आई, हे तुला आवडेल: दर वेळी निम्मे बदल बाद होतात, म्हणून 1,024 बदलांतून नेमका एक काढायला दहा चाचण्या पुरतात.

खरे दिवस गेले ते पुढेच. आतल्या फंक्शनमधील सोडणे काढून टाकले असते, तर त्यावरच विसंबलेल्या इतर ठिकाणी जागा कधीच मोकळी झाली नसती आणि सर्व्हरची मेमरी हळूहळू संपली असती. म्हणून बोलावणारी प्रत्येक जागा वाचून, चूक झाल्यास पॅकेट कोणी सोडायचे हे ठरवले आणि मगच बोलावणाऱ्याकडील त्या दोन ओळी काढल्या. जुन्या, दीर्घकाळ सांभाळल्या जाणाऱ्या आवृत्त्यांतही दुरुस्ती पोहोचावी म्हणून पॅचच्या, म्हणजे पाठवायच्या दुरुस्तीच्या, वर्णनात दोष आणणाऱ्या मूळ बदलाच्या ओळखक्रमांकाची पहिली बारा अक्षरे लिहिली आणि खाली माझी सही केली. कोड पाठवण्याचा आपल्याला हक्क आहे, अशी ग्वाही देणारी ही सही 2004 पासून रूढ आहे.

पॅच आता तपासणीला गेला आहे.

तुमची लेक